डाव्या कोपऱ्यातला हिरवा घागरा

वायरापाम्पा, ३ सप्टेंबर २०१८

कोंपाद्रे लिसांद्रो,

तुमचं पत्र पोचलं. बत्तीस वर्षांनी. ओरुरोच्या बसचा ड्रायव्हर पाकीट देताना म्हणाला, "बासिलियाबाई, सांता क्रूसला कोणी मोठं माणूस मेलं का? कागद फार जाड आहे." मी म्हटलं, मेलेलं नाही, अजून चित्रपट काढतंय.

तुम्ही लिहिता की परदेशातल्या एका संग्रहालयाने 'सायरनचा सोमवार' धुऊनपुसून नवा केला आहे. डिसेंबरात तो ला पासच्या मोठ्या नाट्यगृहात मंत्र्यासंत्र्यांसमोर दाखवणार आहेत, आणि त्याआधी मी दहा मिनिटं बोलावं. 'खाणीचा जिवंत आवाज' असं तुम्ही मला म्हटलं आहे. खाण मेली, आवाज उरला, अशी तुमची समजूत दिसते.

उत्तर नाही असं आहे.

माझ्या लेकीचं, नायदाचं, जावळ तुम्ही काढलंत. पहिली बट तुमच्या कात्रीने पडली त्या दिवसापासून तुम्ही माझे कोंपाद्रे आणि मी तुमची कोमाद्रे. कोंपाद्रेला अरेतुरे करायची आमच्यात रीत नाही, भांडतानाही नाही. म्हणून सगळं 'तुम्ही' म्हणूनच लिहीन. एवढी एक सवलत, बाकी कसली नाही.

शहाऐंशी साली, सरकारने खाणींना कुलपं लावली त्या हिवाळ्यात, तुम्ही आमच्या युनियनच्या हॉलमधल्या बाकावर चढून म्हणाला होतात, "हा चित्रपट जगात सगळ्यांत आधी इथे लागेल." दोनशे माणसं तीन आठवडे वाऱ्यात उभी राहिली ती त्या वाक्यावर. आपल्या आजोबांवर सैन्याने गोळ्या कशा झाडल्या ते आपल्याच तोंडून सांगायला मिळणार होतं. मग चित्रपट तयार झाला आणि तुम्ही तो समुद्रापलीकडे नेलात. बक्षीस घेतलंत, टाळ्या घेतल्यात, आणि सहा महिन्यांनी रिळांची एक पेटी आमच्याकडे पाठवलीत.

लग्न असो, नवा ट्रक असो की मयत, आमच्याकडे पेला हातात आला की पहिला घोट जमिनीवर ओततात. धरती प्यायल्याशिवाय माणूस पीत नाही. हे तुम्हाला ठाऊक होतं, तुम्ही आमच्याबरोबर ओतलं होतंत. तरी आम्हाला उष्टा पेला पाठवलात. त्या संध्याकाळी मी खाणकामगारांच्या रेडिओवर सांगितलं की हा चित्रपट या गावात लागणार नाही. पेटी न उघडता परत गेली. आजतागायत लागलेला नाही. ओरुरोत लागला तेव्हा इथून एक माणूस गेलं नाही. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी फोनमध्ये आणला, तर बायकांनी त्याला फोनसकट चौकातून हाकललं.

ताता एर्मोहेनेस आठवतात ना, सुरुंग लावणारे? आता त्यांना जेमतेम उजेड-अंधार कळतो. ते म्हणतात, "माझं तोंड अकरा देशांत गाजलं. मीच तेवढं पाहिलं नाही. आता बघायचं म्हटलं तर डोळे रिटायर झाले."

आई बरी आहे. त्र्याऐंशी पूर्ण. विचारलंत म्हणून कळवते.

कोमाद्रे बासिलिया कोल्के


वायरापाम्पा, १९ सप्टेंबर

कोंपाद्रे,

तुमचं दुसरं पत्र पहिल्यापेक्षा प्रामाणिक आहे. शिव्या आहेत त्यात. त्या बऱ्या वाटल्या.

तुम्ही म्हणता, न पाहिलेल्या चित्रपटावर मी बत्तीस वर्षं भाषणं करते आहे. मी पाहिलाय की नाही हा मुद्दा नाही. अन्याय समजायला तिकीट काढावं लागत नाही.

मुद्दा तो दिवस आहे. तुम्ही तो कसा सांगता मला माहीत आहे, तुमच्या मुलाखती मी वाचल्यात. 'भाबड्या गावकऱ्यांची गंमत' म्हणून सांगता. आता माझ्याकडून ऐका.

मैदानात तुम्ही कॅमेरा लावला. मागे खाणीच्या उपशाचा करडा डोंगर, समोर मोकळी जागा, उजवीकडून ऊन. तुम्ही म्हणालात, सायरन होईल, मग गोळ्यांचा आवाज होईल, मग जे मरणार आहेत त्यांनी जागच्या जागी पडायचं. सोपं होतं. सायरन झाला. नुसते आवाजाचे बार उडाले. आणि तुमच्या चौकटीतली माणसं पळत सुटली, मरणारी, न मरणारी, सगळीच. एक बाई कंपनीच्या दुकानाच्या पायरीकडे. दोघे भाऊ रुळांकडे. माझी आई सार्वजनिक नळाकडे, कारण तिचा बाप नळापाशी पडला होता. ती तेव्हा आठ वर्षांची होती आणि घागर धरून त्याच्याशेजारी उभी होती. प्रत्येकाने आपापल्या माणसाची जागा गाठली, टोपी काढली, खिशातल्या बाटलीतला घोट जमिनीवर ओतला, आणि तिथे मेला. तुमच्या कॅमेऱ्यासमोर नुसती धूळ उरली.

तुम्ही ओरडलात, "अहो, मरायचं इथे आहे." त्यावर पास्तोरा दुकानाच्या पायरीवरून आडव्यानेच म्हणाली, "तुमच्या तिथे कोण मेलंय, साहेब? तिथे तर यामा, आमची ओझ्याची जनावरं, बांधायचे."

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा मात्र सगळे तुमच्या चौकटीत पडले, नीट, ओळीने. जगाने पाहिलं ते हे तिसरं मरण. तुमच्या इतिहासातले कपडे बरोबर होते, बंदुका बरोबर होत्या, टोप्यांवरचे बिल्लेसुद्धा तुम्ही वस्तुसंग्रहालयातून तपासून आणले होते. फक्त मेलेली माणसं खोट्या जागी होती.

आणि आता मला तुमचं कौतुक करावं लागणार आहे. राग येतो, पण भाषण करणाऱ्या बाईने खरं दाबलं की घसा बसतो. मागच्या वर्षी ओरुरोच्या बसमध्ये त्यांनी तुमचा 'पाण्याचे वारस' लावला होता. दुसऱ्या ग्रहावरची ती गोष्ट. शिरस्त्राणं म्हणजे ॲल्युमिनियमची घमेली, हवेच्या नळ्या म्हणजे आमच्या खाणीतले जुने रबरी पाइप, मला लगेच कळलं. मी हसले. मग लोक हवेसाठी बिल्ला घेऊन रांगेत उभे राहिले, आणि रांग हुबेहूब कंपनीच्या दुकानासमोरची होती, तसेच खांदे, तसंच न बोलणं. मग ती म्हातारी. तिला दिवसाचं पाणी मिळतं, एक पेला, आणि ती पहिला घोट त्या परक्या ग्रहाच्या मातीवर ओततेच. मागची म्हणते, "अगं, ही आपली माती नाही." म्हातारी म्हणते, "पाय ठेवलाय ना आपण?"

शेजारच्या माणसाला वाटलं मला बस लागली. त्याने पिशवी पुढे केली.

तुमचे ला पासचे मित्र तुमच्या परग्रहांच्या चित्रपटांना पोरखेळ म्हणतात आणि विगवाल्या राजप्रतिनिधीच्या तुमच्या तीन तासांच्या चित्रपटाला कला म्हणतात. मी उलट म्हणते. जिथे तुम्हाला आमचं सगळं ठाऊक होतं तिथे तुम्ही आम्हाला जागा नेमून दिल्यात. जिथे काहीच ठाऊक नव्हतं तिथे तुम्ही आम्हाला आमच्यासारखं वागू दिलंत. आमच्याकडे भूतकाळ समोर असतो, कारण तो दिसतो. भविष्य पाठीवर असतं, चादरीत बांधलेल्या बाळासारखं, दिसत नाही पण वजन कळतं. तुम्ही समोरचं चुकवलंत आणि पाठीवरचं नेमकं उचललंत.

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी वाचला. 'तिसऱ्यांदा हाका मारायचा भोंगा कोणाच्या हातात होता, कोमाद्रे?' उत्तर देणं मला महत्त्वाचं वाटत नाही.

बासिलिया


वायरापाम्पा, ८ ऑक्टोबर

कोंपाद्रे,

चित्रपट गावात लावायचा की नाही, यावर गावाची सभा झाली. मी हरले. कसं ते सांगते, कारण तुम्हाला आनंद होईल आणि तो तुमचा हक्क आहे.

तुमचं पत्र आल्यापासून आई एकच गोष्ट बोलते आहे. छातीत पाणी झालंय तिच्या. आरोग्यकेंद्रातल्या नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढचा हिवाळा धरून चालू नका. आईला पुढच्या हिवाळ्याचं काही नाही. तिला बघायचंय की त्या चित्रपटात ती बरोबर जागी पडली का. "तिसऱ्यांदा मी तुमचं कोणाचंच ऐकलं नाही," म्हणते, "मी नळापाशीच पडले. पण तो कॅमेरा मला बघत होता की नाही, कोण सांगेल? बापाच्या जागी पडले हे कुठे लिहून राहिलंय का नाही?"

हे तिने सभेत सगळ्यांसमोर विचारलं. मी उठले आणि बोलले. अर्धा तास बोलले, चांगलं बोलले. शब्द दिला की पाळायचा, पहिला घोट एकदाच असतो, गावाने बत्तीस वर्षं मान ताठ ठेवली ती आता मंत्र्यांच्या कार्यक्रमासाठी का वाकवायची. लोक माना हलवत होते.

मग आई बसल्या जागेवरून म्हणाली, "बासिलिया, तू दात काढायला ओरुरोला गेली होतीस. सत्त्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये. आठवतं?"

मी म्हटलं, "आई, त्याचं इथे काय?"

"गाल धरून गेलीस आणि दात घेऊन परत आलीस. अजून आहे तो तुझ्या तोंडात, उजवीकडचा मागचा. त्या आठवड्यात ओरुरोला काय लागलं होतं तेही मला माहीत आहे. एकतीस वर्षं वाट बघतेय, कधी सांगशील."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ताता एर्मोहेनेसच बोलले शेवटी. "अगं, मग सांग तरी. मी कसा दिसत होतो?"

मी खाली बसले. मला सभेत मधेच बसताना तुम्ही कधी पाहिलं नाहीत, म्हणून कळवते.

आता तुम्हाला सांगते, कारण कागदावर सोपं जातं. हो, मी पाहिला. शेवटच्या रांगेत, खांबाआड, शाल कपाळापर्यंत ओढून. गावाला बंदी घालणारी बाई दातदुखीचं सोंग करून तिकीट काढून आत बसली होती. आणि तो प्रसंग आला तेव्हा पडद्याच्या मधोमध कोण होतं? मी. ऊन तोंडावर, केस सुटलेले, इतकं सुंदर मरण मी कुठे पाहिलं नाही. तुम्ही ते पोस्टरवर छापलंत. त्या जागेवर कोणी मेलेलं नव्हतं. तिथे यामा बांधायचे.

भोंगा माझ्या हातात होता. तुमचं कोणी ऐकलं नसतं, कोंपाद्रे. तुमच्या दोन हाका वाया गेल्या होत्या. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "प्रकाश जातोय, कोमाद्रे," आणि मी बाकावर चढले आणि भाषण केलं. म्हटलं, साथींनो, जगाला आपलं मरण दिसलं पाहिजे, नळापाशी पडलात तर जगाला दिसणार नाही, दहा पावलांसाठी इतिहास वाया घालवू नका. त्यांनी ऐकलं. आपल्या बापांच्या जागा सोडून चौकटीत आले आणि पडले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत परिणामकारक भाषण. रेडिओवर मी ज्या रागाने बोलले तो तुमच्यावरचा कमी आणि त्या भाषणावरचा जास्त होता. लोकांनी हा चित्रपट पाहिला तर मधोमध कोण पडलंय ते दिसेल, एवढीच भीती. उष्ट्या पेल्याची गोष्ट खरी आहे, पण मी तिच्या मागे लपले.

आणि दुसरं. ओरुरोच्या त्या पडद्यावर, अगदी डाव्या कोपऱ्यात, दोन क्षण, नळाचा खांब आणि जमिनीवर हिरवा घागरा दिसला. आईचा. तिने तो माझ्या लग्नाला शिवला होता, मी कुठेही ओळखेन. दोनशेपैकी एकटी बरोबर जागी पडलेली. मी तिला हे एकतीस वर्षं सांगितलं नाही, कारण सांगायचं तर मी कुठून पाहिलं तेही सांगावं लागलं असतं. सभेनंतर घरी सांगायला गेले, तर तिने हात आडवा केला. "तू सांगू नकोस. तुझ्या सांगण्यावर गाव एकदा पडलंय. मला दाखव."

म्हणून विचारते. विनवत नाही, विचारते. नवा करताना त्या परदेशी लोकांनी कडा कापल्या नाहीत ना? डाव्या बाजूची? लगेच कळवा.

सभेने ठरवलंय की एक नोव्हेंबरला दाखवायचा. कल्पना ताता एर्मोहेनेसची. म्हणाले, "यात काम केलेले सव्वाशे जण स्मशानात आहेत. वर्षातून एकदा, सर्व संतांच्या दिवशी दुपारी बाराला घरी येतात, जेवतात, दुसऱ्या दिवशी बाराला जातात. तेवढा एकच दिवस अख्खी मंडळी गावात असते. तेव्हाच लावा."

बासिलिया


वायरापाम्पा, २० ऑक्टोबर

कोंपाद्रे,

नायदाच्या हाती पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. पोरगी म्हणाली तुम्ही फार वाळलात, आणि डॉक्टरांनी तुम्हाला चार हजार मीटरवर चढायला बंदी केली आहे. म्हणजे तुमच्यावरही आता कोणाची तरी बंदी आहे. कसं वाटतं?

कडांचं तुम्हाला नक्की सांगता येत नाही, असं तुम्ही लिहिता. त्या वेळी तुम्हीच प्रयोगशाळेला कळवलं होतंत की डाव्या कोपऱ्यात एक चूक आहे, झाकता आली तर झाका. ओरुरोला आलेल्या प्रतीत ती झाकायची राहून गेली असावी. या खेपेला तुम्ही काय कळवलंत ते आठवत नाही. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला विसरण्याची मुभा आहे, पण माझ्या आईला 'चूक' म्हणायची नाही. ते पत्र मी तिला वाचून दाखवलं नाही. पुन्हा लपवलं म्हणा. उघड्यावर लपवते आहे, तुमच्याच देखत.

दुसऱ्या पानावर तुम्ही जे लिहिलंत ते मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

पहिल्या खेपेचं रीळ तुम्ही फेकलं नाहीत. चाळीस सेकंद रिकामं मैदान, धूळ, करडा डोंगर, माणूस एक नाही. आणि नव्या चित्रपटाची, 'चौथा चंद्र'ची, सुरुवात तुम्ही त्यानेच केली आहे. पडद्यावर दुसऱ्या जगाची जमीन म्हणून आमचं मैदान, आणि आवाज म्हणून ध्वनिफितीवरची तीच पावलं, चौकटीबाहेर पळत गेलेली. तुम्ही लिहिता, 'इतकी खरी जमीन मला कुठल्याच ग्रहावर मिळाली नाही.'

बत्तीस वर्षं आमचा खरा इतिहास तुमच्या कपाटात होता आणि तुम्ही तो बाहेर काढलात तो चंद्र म्हणून. यावर चिडायला हवं. मी चिडायला बसले आणि जमलं नाही. ला पासच्या विद्वानांनी तो इतिहास म्हणून कधीच घेतला नसता. रिकाम्या चौकटीला ते तांत्रिक दोष म्हणाले असते.

आता माझी अट ऐका. 'चौथा चंद्र' अजून कुठे लागलेला नाही असं तुम्ही लिहिलंय, फेब्रुवारीत कुठल्याशा महोत्सवाला जाणार आहे. जाणार नाही. आधी इथे येईल. एक नोव्हेंबरला, आमच्या हॉलमध्ये, 'सायरन'च्या आधी. महोत्सववाले ओरडतील की प्रथम प्रदर्शनाचा मान त्यांचा. त्यांना सांगा, तो धरतीला दिलाय. नियम मोडतो असं म्हणाले तर म्हणा, एका बाईचं शहाऐंशी सालापासूनचं येणं बाकी आहे.

हे जमत नसेल तर 'सायरन'ही पाठवू नका. आई समजून घेईल की नाही मला माहीत नाही. मी समजून घेणार नाही.

बासिलिया


वायरापाम्पा, ५ नोव्हेंबर

कोंपाद्रे,

नायदा दोन्ही चित्रपट आणि पडदा घेऊन एकतीस तारखेला पोचली. महोत्सवाने तुमचं नाव यादीतून काढलं हे तिने मला सांगितलं. तुम्ही पत्रात त्याचा उल्लेख केला नाहीत. त्याबद्दल आभार मानणार नाही, पण जावळाच्या दिवशी दिली होती तशी यामाची लोकर तिच्याबरोबर पाठवते आहे. गळ्याला गुंडाळा.

हॉलच्या खिडक्यांना आम्ही घोंगड्या ठोकल्या. भिंतीपाशी टेबल मांडलं, त्यावर मेलेल्यांच्या रूपातली पावाची बाळं, आत्म्यांना उतरायला पावाची शिडी, उकडलेले बटाटे, कोकाची पानं, सव्वाशे जणांची नावं. पुढच्या चार रांगा त्यांच्यासाठी मोकळ्या ठेवल्या. बाराला घंटा झाली. ताता एर्मोहेनेसनी पडद्याखाली जमिनीवर घोट ओतला आणि नायदाला म्हणाले, "लाव पोरी. ती प्यायली."

तुमचा चंद्र लागला. रिकामं मैदान. पहिले पाच सेकंद कोणाला कळलं नाही. मग पास्तोराची मुलगी म्हणाली, "अगं, हा आपला डोंगर." आणि मग पावलं. ताता एर्मोहेनेस मान तिरकी करून ऐकत होते. "तो लंगडा मी," म्हणाले. "रुळांकडे चाललोय. ही जड चाल पास्तोराची, जेवून आली होती." मग एकेकाने आपल्या माणसाची पावलं ओळखायला सुरुवात केली, जे मेलेत त्यांचीसुद्धा. चाळीस सेकंदांत निम्मं गाव ओळखून झालं. पडद्यावर कोणी नव्हतं आणि मी इतका भरलेला पडदा पाहिला नाही. पुढची गोष्टही पाहिली सगळ्यांनी, दीड तास. ते चंद्रावरचे लोक संप करतात तेव्हा मागून एकजण ओरडला, "आधी पाणी साठवा रे, गाढवांनो." तुमच्यापेक्षा त्याला संप जास्त कळतो.

मग 'सायरनचा सोमवार'.

मी आईशेजारी बसले होते. तिचा हात माझ्या हातात नव्हता, तिने तो दिला नाही. सायरन झाला. गोळ्या झाल्या. माणसं पडू लागली, ओळीने, तुमच्या उन्हात. मधोमध मी. हॉलमधून आवाज आला, "ही बघ आपली बासिलिया, काय मस्त मेली आहे." मी पडद्याकडे पाहत नव्हते, डाव्या कोपऱ्याकडे पाहत होते. नळाचा खांब आला. आणि खाली, दोन क्षण, हिरवा घागरा.

कडा कापलेल्या नाहीत, कोंपाद्रे. उलट आहे. ओरुरोला मी नुसता घागरा पाहिला होता. या खेपेला धुऊन इतकं स्वच्छ झालंय की शेजारी ओतलेल्या घोटाचा ओला डागही दिसतो.

आई म्हणाली, "बरोबर आहे." एवढंच. मग काठी घेऊन उठली आणि दाराकडे चालू लागली. मी म्हटलं, "आई, संपला नाही अजून." ती म्हणाली, "माझं झालं. यांचं राहिलंय. चला रे, आपापल्या जागा सांगा पोरांना, मी आहे तोवर."

पहिले ताता एर्मोहेनेस उठले, पुढच्याचा खांदा धरून. मग पास्तोराची मुलगी. मग रांगच्या रांग. कोणी घोषणा दिली नाही, मीसुद्धा नाही. दुपारच्या उन्हात सगळे मैदानात गेले. कोणी दुकानाच्या पडक्या पायरीवर जाऊन बसलं, कोणी रुळांवर आडवं झालं. म्हातारी माणसं नातवंडांना हात धरून दाखवत होती, इथे, अजून थोडं पुढे, हं, इथे. आई नळापाशी पडली. नळ आता नाही, नुसता खांब आहे. तिला उठवायला दोघं लागली, पण उठली.

मला स्वतःची जागा नव्हती. आईचा बाप तोच माझा आजोबा आणि तिथे ती होती. मी जिथे सुंदर मेले होते तिथे जाऊन उभी राहिले आणि भोंग्याशिवाय सांगितलं, की त्या दिवशी तुम्हाला इथे मी आणलं, साहेबांनी नाही. वारा होता. किती जणांना ऐकू गेलं माहीत नाही. रुळांवरून ताता एर्मोहेनेस ओरडले, "माहीत आहे गं. आमचे कान तेव्हाही चांगले होते. आता सरक, तिथे यामा बांधायच्यात."

हॉलमध्ये तुमचा चित्रपट चालूच होता. नायदाने बंद करू का विचारलं, मी नको म्हटलं. पुढच्या चार रांगा बसलेल्या होत्या. ज्यांनी त्यात काम केलं होतं त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला असेल.

आई काल सकाळपासून अंथरुणात आहे. मक्याची गरम आपी मागते, दोन घोट घेते, पहिला अजून जमिनीवरच सांडते. मी ओरडत नाही.

आणि डिसेंबरचं. मी येते. मंत्र्यांना सांगा दहा मिनिटं पुरणार नाहीत, आणि मला भोंगा नको. मी चित्रपटाआधी बोलणार नाही. पहिल्या रांगेत बसेन. सायरन झाला, की मी उठून चालू लागेन, आणि त्या नाट्यगृहात ज्याला ज्याला आपलं माणूस कुठे पडलं ते ठाऊक आहे तो माझ्यामागे येईल. या देशात असे किती आहेत ते तुम्हालाही माहीत आहे.

दारं उघडी ठेवायला सांगा.

तुमची कोमाद्रे,
बासिलिया